गणवेशाचा वास

वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा बेकरीवाला भट्टीतून पावाचे ट्रे ओढत होता. "उद्या दुपारी जरा शाळेत येऊन जाल का? घाबरण्यासारखं काही नाही," असं बाई म्हणाल्या, आणि नेमका त्यामुळेच तो घाबरला. वर्षभरापूर्वी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीही बोलायला सुरुवात याच शब्दांनी केली होती.

बेकरीवाला म्हणायचं आपलं. बेकरी काही त्याच्या मालकीची नव्हती. तो तिथला भट्टीवरचा कारागीर. वीस वर्षं पहाटे चारला कामावर हजर व्हायचं आणि दुपारी एकनंतर भुवयांवरचं पीठ पुसत घरी यायचं, हा त्याचा नेम. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बायको आणि उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा गोल डोळ्यांची, गप्प, लाकडी बाहुलीसारखी दिसली म्हणून बापाने तिला ठकी म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे ठकी इतकी बडबडी निघाली की आई म्हणायची, "नाव चुकलंच हो आपलं." ती आई आता नव्हती. तीन महिन्यांच्या आजारात गेली. तेव्हापासून अकरा वर्षांची पोर विचारलं तेवढंच बोलायची. आई गेल्यावर पोर गप्प होणारच, अशी बेकरीवाल्याने मनाची समजूत घालून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून तसाच शाळेत गेला. बाईंनी त्याला रिकाम्या वर्गात बसवलं. बाक मुलांच्या मापाचा, त्यामुळे त्याचे गुडघे अडकले. बाई बराच वेळ टेबलावरचा खडू इकडून तिकडे करत राहिल्या.

"कसं सांगावं कळत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या कपड्यांना वास येतो."

"वास?"

"कुबट वास. ओलं फडकं कोपऱ्यात तसंच राहून गेलं की येतो ना, तसा. मुलं शेजारी बसायला तयार नसतात. मी जागा बदलून पाहिल्या, दोघा-तिघांना रागावले. पण माझी पाठ वळली की..." त्या थांबल्या. "तिला पोतेरं म्हणतात."

बेकरीवाल्याला कुणीतरी सणसणीत थोबाडीत दिल्यासारखं झालं. "बाई, एक दिवसाआड मशीन लावतो मी. पावडर दुप्पट घालतो. शिवाय ते वासाचं निळं औषधही ओततो." बोलता बोलता त्याने स्वतःची बाही नाकाला लावली. पीठ, यीस्ट आणि भाजलेला पाव, एवढाच वास त्याला आला. वीस वर्षं झाली, त्याच्या लेखी सगळ्या जगालाच हा वास होता.

"तुम्ही किती करता ते दिसतं मला," बाई म्हणाल्या. "म्हणूनच म्हटलं, दुसऱ्या कुणी टोचून सांगण्यापेक्षा आपण सांगावं."

खिडकीतून मैदान दिसत होतं. मधली सुट्टी चालली होती. मुलांचा नुसता कल्ला. नळाजवळच्या पायरीवर ठकी एकटी बसून डबा खात होती. दप्तर तिने शेजारी ठेवलं होतं, कुणीतरी येणार आहे म्हणून जागा धरावी तसं.

घरी येताना त्याला मशीन पहिल्यांदा लावलं तो दिवस आठवला. बायको असेपर्यंत त्याने त्या मशीनला बोटही लावलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या खाटेवरून तिने त्याला एकेक गोष्ट समजावली होती. ठकीला कुठल्या औषधाने पुरळ येतं, शाळेचे बूट कुठल्या दुकानात मापाचे मिळतात, दुधाच्या पातेल्याचं झाकण कुठे असतं. मशीनचं सांगायचं राहून गेलं. तिला सुचलं नाही, त्यानेही विचारलं नाही. मग ती गेल्यावर पंधरा दिवसांनी कपड्यांचा ढीग कमरेपर्यंत आला, तेव्हा बापलेक मशीनपुढे बसले आणि एकेक बटण दाबून पाहू लागले. तिसऱ्या बटणाला ते घुमायला लागलं. गोल काचेआड कपडे गरागरा फिरताना बघून ठकी टाळ्या पिटत म्हणाली होती, "जमलं की रे बाबा तुला!" त्या अख्ख्या महिन्यात ती तेवढीच एकदा हसली.

संध्याकाळी तो मुद्दाम बाथरूमच्या दाराशी घुटमळला. ठकी आत उकिडवी बसून अंगाच्या साबणाने गणवेशाच्या काखा घासत होती. त्याला पाहून तिने शर्ट झटकन पाठीमागे लपवला, आणि पाण्याचा ओघळ तिच्या पावलांवरून वाहत मोरीकडे गेला.

"रोज धुतेस?"

"रोज नाही."

"मग वाळतो कसा?"

"पंख्याखाली टाकते. थोडा ओला असला तरी अंगावर वाळतो."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

ती खाली बघून म्हणाली, "तू दमतोस ना. आणि मशीन जमलं म्हणून किती खूश होतास."

तो दारातून बाजूला झाला. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिला. दोन्ही हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याने मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. बुटका, गप्पिष्ट गडी, गळ्यात टॉवेल, हातात हत्यारांची पेटी. आल्या आल्या त्याने मशीनचं दार उघडलं आणि तसंच तोंड फिरवून तो खिडकीपाशी गेला.

"साहेब, सर्दी झालीय का तुम्हाला?"

"मी बेकरीत कामाला असतो."

"मग ठीक. नाहीतर म्हटलं, नाक नुसतं चष्मा अडकवायला ठेवलंय की काय." तो गुडघ्यांवर बसला आणि दाराभोवतीचं करडं रबर त्याने दोन बोटांनी ओढून धरलं. रबराच्या घडीत काळा, बुळबुळीत थर साचला होता. "या इकडे. आणा तुमचं नाक."

बेकरीवाला वाकला. अगदी जवळ गेल्यावर, पावाच्या वासाच्या पलीकडून, तो त्याला आला. बंद तळघराचा, साचलेल्या पाण्याचा, कुजक्या चिंध्यांचा वास. आठ महिने त्याची पोर हे अंगावर घालून चारचौघांत बसत होती.

मशीनवाल्याने मग पोलिसासारखी उलटतपासणी सुरू केली.

"मशीन लावता केव्हा?"

"पहाटे, कामावर निघताना."

"आणि कपडे काढता?"

"दुपारी आलो की."

"म्हणजे आठ-नऊ तास ओले कपडे आत, दार बंद. काढल्यावर तरी दार उघडं ठेवता?"

"नाही. लावून टाकतो. उघडं बरं दिसत नाही."

"पाणी गरम की गार?"

"गार. ते पंधरा मिनिटांचं छोटं असतं ना, त्यावर."

"वर दुप्पट पावडर आणि निळं औषध." मशीनवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो साहेब, तुम्ही कपडे धूत नव्हतात, मुरवत होतात! जास्तीची पावडर त्या पंधरा मिनिटांत निघून जात नाही. ती आणि ते निळं औषध आतल्या आत चिकटून बसतं, त्यावर ही बुरशी पोसते. तुम्ही तिला रोज जेवायला वाढत होतात."

तो हसला. बेकरीवाल्याला हसता आलं नाही.

पुढचा दीड तास दोघं राबले. पावडरचा खण बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासला. रबराची घडी सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने इतक्या वेळा पुसली की शेवटी फडकं पांढरंच यायला लागलं. मग मशीनवाल्याने खालचं छोटं झाकण उघडून परात लावली आणि फिल्टर फिरवला. गढूळ पाणी भसकन आलं. पाण्यामागून दोन गुंड्या, ठकीचा एक मोजा, केसांच्या तीन पिना आल्या, आणि शेवटी त्याने बोटाने आतून एक गुंता ओढून काढला. लांबच लांब केसांचा, चिखलाने माखलेला. तो निघतच होता, निघतच होता.

"बापरे! घरात एवढे लांब केस कुणाचे हो?"

ठकीचे केस खांद्यापर्यंतही नव्हते. बेकरीवाला परातीकडे बघत म्हणाला, "तिच्या आईचे."

"सांगा त्यांना, कपडे टाकायच्या आधी झटकत जा म्हणावं."

"सांगतो," बेकरीवाला म्हणाला.

मशीनवाल्याने गुंता कचऱ्याच्या पिशवीत टाकला, मशीन रिकामंच गरम पाण्यावर लावलं, आणि ते घुमत असताना सगळं समजावून सांगितलं. कपडे धुऊन झाले की तासाच्या आत बाहेर काढायचे. नंतर रबर कोरडं पुसायचं, दार चार बोटं उघडं ठेवायचं. टॉवेल, चादरी गरम पाण्यात. पावडर मापानेच. महिन्यातून एकदा रिकामं मशीन असंच गरम पाण्यावर फिरवायचं आणि फिल्टर काढून धुवायचा. बेकरीवाल्याने पावाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर हे सगळं लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं.

मशीनवाला गेल्यावर कचऱ्याची पिशवी घेऊन तो खाली उतरला. डब्यापाशी किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. पिशवीची गाठ त्याने एकदा सोडली. आजारात तिचे केस मूठमूठ गळायचे. ती ते कुणाला न दिसतील असे गोळा करायची, तरी कपड्यांना चिकटून राहायचेच. त्याने बोट लावून पाहिलं. चिखल, बुळबुळ आणि तोच घाणेरडा वास. हे घरात ठेवण्यासारखं नव्हतं. त्याने गाठ पुन्हा मारली, पिशवी डब्यात टाकली आणि जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच त्याला रडू फुटलं. पुढे कित्येक दिवस त्याला वाटत राहिलं, स्वच्छ धुऊन एक बट तरी ठेवायला हवी होती.

तिथून पुढे त्याने मशीनच्या बाबतीत जिवाचं रान केलं. पहाटे मशीन लावणं बंद. दुपारी घरी आल्यावर लावायचं आणि संपेपर्यंत समोरून हलायचं नाही. स्वतःच्या नाकावर त्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून धुतलेला गणवेश घेऊन तो शेजारच्या काकूंच्या दारात जाऊ लागला.

"काकू, जरा हुंगता का?"

पहिल्या दिवशी काकू दचकल्या. आठवड्याभरात त्यांना सवय झाली. त्या दार उघडून हात पुढे करायच्या, शर्ट नाकाला लावायच्या आणि परीक्षकाच्या थाटात निकाल द्यायच्या. "काखेत किंचित आहे अजून." "आज बरा आहे." आणि मग एका दुपारी त्यांनी शर्ट दोनदा हुंगला, कॉलर हुंगली, बाही हुंगली. "पास! कसलाच वास नाही. नुसतं कापड."

त्याला वाटलं, धावत शाळेत जावं आणि एकेका पोराच्या नाकाला तो शर्ट लावावा.

पण शर्टाचा वास गेला तरी नाव गेलं नाही. बाईंनी एका मुलीला ठकीच्या शेजारी बसवलं, तर ती बाकाच्या टोकाला सरकून बसायची. ठकी घरी आली की "आज कुणी काही बोललं?" असं तो विचारायचा, ती "नाही" म्हणायची, आणि दोघं जेवायला बसायची.

सत्र संपून सुट्टी लागली तेव्हा मावशी आली. ठकीच्या आईची थोरली बहीण. दिवसभराच्या बसप्रवासावर असलेल्या गावात ती शिवणाचं दुकान चालवायची. तिची दोन्ही मुलं मोठी होऊन नोकऱ्यांना लागली होती, नवरा आणि ती दोघंच घरात. चार दिवसांसाठी म्हणून आली होती. चारही दिवस ठकी तिच्या पाठीशी सावलीसारखी. मावशी भाजी चिरायला बसली की ठकी तिच्या खांद्याला टेकून बसायची. मावशी लवंडली की ही तिच्या मानेत तोंड खुपसून डोळे मिटायची. बेकरीवाल्याला बरं वाटलं. पोरीला माणूस मिळालं, तो मनाशी म्हणाला.

तिसऱ्या दुपारी मावशी बाजारात गेलेली असताना ठकी त्याच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, मला मावशीकडे राहायचंय."

"राहा की. सुट्टी आहे तोवर राहा."

"तसं नाही. तिकडेच. शाळेलासुद्धा."

त्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मुलं चिडवतात म्हणून? अगं, आता मशीन नीट झालंय. वास गेला. काकूंना विचार हवं तर!"

"माहितीये मला."

"मग काय झालं?"

ठकी टेबलाच्या कडेचा निघालेला पापुद्रा नखाने खरवडत राहिली. "आईचा गाऊन आठवतो तुला? हिरव्या ठिपक्यांचा?"

आठवत होता. एका रविवारी अंथरुणं काढताना ठकीच्या उशीच्या अभ्र्यात त्याला तो सापडला होता, चुरगळून बोळा झालेला. त्याला वाटलं, चुकून राहून गेला असेल. चादरींबरोबर त्याने तोही मशीनमध्ये टाकला. त्याला खास वास यावा म्हणून निळं औषध दोन झाकणं जास्त ओतलं. दुसऱ्या दिवशी वाळवून, हाताने सुरकुत्या मोडून, घडी घालून त्यानेच तो ठकीच्या हातात दिला होता. "घे, कसा स्वच्छ केलाय बघ."

"त्याला आईचा वास येत होता," ठकी म्हणाली. "मी रात्री तो तोंडावर घ्यायचे. तू धुतलास आणि मग त्यालाही पोतेऱ्याचाच वास यायला लागला."

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली. बेकरीवाल्याने कप टेबलावर ठेवला.

"तू एका शब्दाने बोलली नाहीस गं तेव्हा."

"तू इतकी छान घडी घातली होतीस," ठकी म्हणाली. आणि मग, त्याला समजावून सांगितलंच पाहिजे अशा घाईने, "मावशीला तसा वास येतो, बाबा. इथे मानेपाशी. सगळा नाही. थोडासा. पण येतो."

त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सोळा वर्षं बायको त्याच्या शेजारी झोपली होती. तिचा आवाज त्याला आठवत होता, तिची चाल आठवत होती, कपाळावर केस आले की फुंकर मारायची ती लकब आठवत होती. वास मात्र कितीही जीव तोडून शोधला तरी पावाचाच येत होता. पोर जे गमावून बसली, ते त्याच्याकडे कधी नव्हतंच. तिला परत काय देणार होता तो?

मावशी बाजारातून आली तेव्हा तो तिच्यापुढे उभा राहिला. तिने पिशवी खाली ठेवली. ठकीने तिला आधीच सांगितलेलं दिसत होतं, कारण ती लगेच म्हणाली, "भाऊजी, शपथेवर सांगते, मी तिच्या डोक्यात काही भरवलेलं नाही."

"माहीत आहे, ताई."

"तुम्ही नको म्हणालात तर मी तिची समजूत काढीन. बापापासून पोर तोडायला नाही आले मी."

"नको म्हणून काय करू?" तो म्हणाला. "मी पहाटे जातो. ती एकटी उठते, एकटी आवरते, शाळेत एकटी बसते. तिथे तुमच्या कुशीत तरी असेल." त्याने तिची पिशवी उचलून ओट्यावर ठेवली. "मी फार केलं हो, ताई. सगळं उलटंच होत गेलं."

मावशीने पदराने नाही, हातातल्या रुमालाने डोळे टिपले आणि तोच रुमाल त्याच्यापुढे धरला. दोघं स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीत ठकी आपली पुस्तकं एका पिशवीत भरत होती, सावकाश, आवाज न करता.

निघायच्या दिवशी त्याने बेकरीतून सुट्टी घेतली. तिचे सगळे कपडे धुऊन, खडखडीत वाळवून, एकावर एक रचून बॅगेत भरले. कपाट उघडून म्हणाला, "गाऊन घेतेस?"

ठकीने मान हलवली. "नको. तुझ्याकडे राहू दे."

बस दुपारी बाराची होती. ठकी खिडकीपाशी बसली. बस सुटेपर्यंत तो खाली उभा राहून काहीबाही सांगत राहिला, दूध पीत जा, मावशीला त्रास देऊ नको, फोन कर. ती प्रत्येकाला हो म्हणाली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तसं अचानक तिने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून त्याचं डोकं धरलं आणि त्याच्या केसांत नाक खुपसून एक लांब श्वास घेतला. मग बस हलली.

पहिले काही दिवस तिचा फोन संध्याकाळी यायचा, दोन-चार वाक्यांचा. सुट्टी संपली, तिकडची शाळा सुरू झाली आणि फोन लांबायला लागले. तिला दुसऱ्या बाकावर बसवलं होतं. शेजारची मुलगी तिरळी होती पण गणितात हुशार होती. दोघींनी मिळून एक गुप्त वही काढली होती. फोन करायला आता ती कधी कधी विसरायची. त्या दिवशी तो फोन उशाशी घेऊन बसायचा आणि तिला मात्र काही बोलायचा नाही.

दीड महिन्याने तिचा फोन सकाळीच आला, शाळेला निघायच्या आधी. पलीकडून मैत्रिणीच्या हाका ऐकू येत होत्या.

"बाबा, पटकन सांग. बाई विचारतायत, मी पुढच्या वर्षी पण इथेच आहे का? गॅदरिंगच्या नाटकात घेणार आहेत. आहे म्हणून सांगू ना?"

"सांग," तो म्हणाला. "सांग, आहे म्हणून."

ती काहीतरी सांगता सांगता खळखळून हसली. मग एकदम थांबली. "बाबा? तुझा आवाज असा का येतोय? रडतोयस?"

"छे गं. भट्टीपाशी उभा आहे. धूर जातोय डोळ्यांत."

"बरं. मग ठेवते," ती म्हणाली आणि मैत्रिणीला हाक मारतच तिने फोन ठेवला.

आज त्याची सुट्टी होती. तिच्या ते लक्षात राहिलं नव्हतं. घरातल्या पलंगाच्या कडेवर तो बसून होता. फोन बंद झाल्यावरही त्याने तो कानाला तसाच धरून ठेवला.